वारशाने आलेली जुनी बंदूक: हाती घेण्यापासून नोंदवहीपर्यंत

शंभर वर्षांत गंजाने जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं पॉलिश पेपर घेऊन बसलेला एक उत्साही नातू एका रविवारी करू शकतो. घरातल्या जुन्या बंदुकांचा संग्रह नव्याने हाती घेणाऱ्याने पहिल्या दिवशी साफसफाईचं सामान आणू नये. आधी खात्री, मग कागद, मग ओळख आणि सगळ्यात शेवटी फडकं, असा क्रम ठेवा.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. या लेखात बोटाने ओढतो तो चाप आणि वर उठून खाली आपटतो तो घोडा. खांद्याला लागणारं लाकूड म्हणजे दस्ता. नळीचं पुढचं टोक ते तोंड आणि मागचं ते बूड. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून गजाने ठासली जाते, तर काडतुसाच्या बंदुकीत बुडाकडून भरली जाते.

भरलेली नाही ना?

जुनी बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते, आणि ठासणीच्या बंदुका भरून खुंटीला टांगण्याची पद्धत सर्रास होती. त्यामुळे आजोबांच्या वेळची शेवटची ठासण अजून आत असणं अगदी शक्य आहे.

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, खोलीत दुसरं कोणी नाही आणि जवळ मेणबत्ती, उदबत्ती, सिगारेट काहीही नाही, एवढी तयारी करून मग पाहा.

दुनळी किंवा एकनळी मोडणीची बंदूक असेल तर वरची कळ बाजूला सरकवून नळ्या खाली झुकवा. बुडाशी काडतुसाचं पितळ दिसलं तर ते बाहेर काढा. बोल्टची, म्हणजे बुडाशी मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी दांड्याची रायफल असेल तर बोल्ट पूर्ण मागे घ्या, नळीच्या बुडात डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा, कारण अंधाऱ्या बुडात काळपट पडलेलं काडतूस नजरेतून सुटतं. मॅगझिन, म्हणजे जादा काडतुसं साठवायची जागा, वेगळं तपासा. नळीखाली दुसरी बारीक नळी असलेल्या लिव्हरच्या रायफलमध्ये काडतुसं त्या नळीतच ओळीने बसलेली असतात, आणि जुनी स्प्रिंग अडकली असेल तर शेवटचं काडतूस बाहेर येत नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र हाताने हळू फिरवून प्रत्येक घर पाहा. काडतुसाच्या बाजूने बारीक पिन बाहेर आलेली दिसली तर ते पिनफायर समजा. त्या पिनेवर ठोका बसला तर बार उडू शकतो, म्हणून तशी काडतुसं खिशात किंवा डब्यात एकत्र खुळखुळत ठेवू नका.

ठासणीच्या बंदुकीला उघडण्यासारखं काही नसतं. तिथे गजाची परीक्षा करावी लागते. लाकडी गज घ्या. लोखंडी नको, कारण लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडू शकते. चेहरा आणि छाती तोंडाच्या रेषेत न आणता बाजूला उभं राहून गज हलकेच आत सोडा. तो टेकला की तोंडापाशी बोटाने किंवा कागदी पट्टीने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तिला समांतर धरा आणि खूण तोंडाशी जुळवा. आता गजाचं टोक जिथे येतं तिथपर्यंत नळी मोकळी आहे. हे टोक कानाशी, म्हणजे जिथून आग आत शिरते त्या भोकाशी किंवा टोपी बसवायच्या बारीक नळीशी, म्हणजे निपलशी आलं तर नळी बहुधा रिकामी आहे. ते चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबलं तर आत ठासण आहे असं समजा. यात एक खोच आहे. काही बंदुकांच्या बुडाशी दारूसाठी मुद्दाम अरुंद केलेली खोली असते, तिथे जाड गज एक-दोन सेंटिमीटर अलीकडेच अडतो. कधी आत गांधीलमाशीचं मातीचं घर किंवा चिंध्यांचा बोळाही असतो. बाहेरून हा फरक कळत नाही, म्हणून शंका आली तर भरलेली समजा आणि परवानाधारक बंदूकसाजाला कळवा. ठासण स्वतः काढायला बसू नका. स्क्रू लावलेला गज, पाणी ओतणं, हवेचा दाब हे सगळे उपाय ऐकायला सोपे वाटतात, पण ते करताना हात आणि चेहरा नेमके तोंडासमोर येतात.

दारूचं शिंगडं, टोप्यांची (घोडा आपटला की पेटणाऱ्या मसाल्याच्या छोट्या वाट्यांची) डबी, जुन्या काडतुसांचं पाकीट हेही रिकामं नाही असंच धरा. सापडलेली दारू मोरीत ओतू नका, जाळू नका, दुसऱ्या डब्यात भरू नका. पोलिसांना किंवा परवानाधारक विक्रेत्याला फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

कागद

बंदूक रिकामी आहे हे कळल्यावर दुसरं काम कायद्याचं. ते साफसफाईच्या आधी करायचं, कारण बेकायदेशीर ताब्यात असलेल्या बंदुकीला कितीही तेल लावलं तरी ती तुमची होत नाही.

तीन गोष्टी शोधा. परवाना कोणाच्या नावावर होता, त्यावर बंदुकीचा क्रमांक काय लिहिला आहे, आणि मूळ परवानाधारक हयात नसेल तर वारसाने किती दिवसांत कळवायचं असतं. प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं असतं आणि तिथेच नवखे चुकतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र प्राचीन धरलं जातं. ब्रिटनमध्ये 2021 पासून 1 सप्टेंबर 1939 पूर्वी बनलेलं असणं ही एक अट आहे, पण तेवढं पुरत नाही, शस्त्राचा प्रकार आणि काडतूसही ठरलेल्या यादीत बसावं लागतं. भारतात वर्षाची अशी सरळ रेघ नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट अशा कालबाह्य किंवा मोडक्या हत्यारांना आहे की जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. म्हणजे "जुनी आहे, गंजलेली आहे, कोण विचारतंय" हा घरोघरी ऐकू येणारा युक्तिवाद तिथे टिकत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात, आणि वारशाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात.

कागद नसलेली बंदूक सापडली तर ती गाडीत टाकून पोलीस ठाण्यात नेऊ नका. जिथे आहे तिथे कुलूपबंद करा, आधी फोन करा, वकिलाशी बोला आणि त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच हलवा. वाटेत तपासणी झाली तर "जमा करायलाच निघालो होतो" हे सिद्ध करणं अवघड जातं.

कायदा निकामी करून ठेवण्याची परवानगी देत असेल, तरी तो उपाय शेवटचा धरा. नळीत ठोकलेली खीळ आणि कापलेला बोल्ट परत येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने अर्धी किंमत तिथेच संपते. अनेकदा दुसऱ्या पात्र वारसाच्या नावे हस्तांतर किंवा संग्रहालयाला देणं हा बरा मार्ग असतो.

आधी फोटो, मग हात

बंदूक आहे त्या अवस्थेत, धुळीसकट, फोटो काढा. करड्या किंवा फिकट एकरंगी कापडावर, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून, बूड, तोंड, दस्त्याचं मागचं टोक आणि प्रत्येक शिक्का व अक्षर जवळून. पुसट शिक्का फ्लॅशमध्ये दिसत नाही. टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा, म्हणजे खोलगट रेषांच्या सावल्या पडतात आणि न वाचता येणारं अक्षर वाचता येतं. शिक्क्यावर खडू घासू नका, शाई तर मुळीच लावू नका.

हातात नायट्राइलचे मोजे घाला. घामातलं मीठ चकचकीत पोलादावर बोटाच्या ठशासारखाच गंज उठवतं, आणि तो ठसा काही आठवड्यांत कायमचा होतो. सुती मोज्यांतून घाम पाझरतो, शिवाय गुळगुळीत नळी निसटते.

शिक्के वाचायला शिका

संग्रहातला सगळ्यात रसाळ भाग हा. बंदुकीच्या फळीवर, म्हणजे नळ्यांना वरून जोडणाऱ्या लांब पट्टीवर, कोरलेलं ठळक नाव बघून निष्कर्ष काढू नका. ते नाव कित्येकदा विक्रेत्याचं असतं, आणि कधी सरळ फसवणुकीचं. बेल्जियममधल्या स्वस्त दुनळ्यांवर नामवंत इंग्रजी कारागिरांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घातलेली असत. वेस्टली रिचर्ड्सच्या धर्तीवरचं "डब्ल्यू. रिचर्ड्स" हा त्यातला नेहमी भेटणारा नमुना. नाव काय म्हणतं ते बाजूला ठेवा आणि नळीखालचे चाचणी-शिक्के काय म्हणतात ते पाहा.

त्यासाठी मोडणीच्या बंदुकीच्या नळ्या सुट्या कराव्या लागतात. बंदूक रिकामी आहे हे पुन्हा पाहा. पुढचा लाकडी तुकडा त्याची कळ दाबून किंवा ओढून काढा, नळ्या झुकवा आणि बिजागरीतून उचला. नळ्या सुट्या असताना चाप ओढू नका. घोडे आत लपलेल्या दुनळीत ते पडले की नळ्या परत बसवताना आतले दांडे आडवे येतात, आणि जोर लावणारा माणूस लाकडाला चीर पाडून मोकळा होतो.

आता नळीच्या बुडाखालचा सपाट भाग पाहा. चाचणीगृहात जादा दारू भरून उडवून पाहिलेल्या नळीवर तिथे शिक्के मारलेले असतात. लंडनच्या बंदूकसाज मंडळाची सनद 1637 ची, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 चं. लंडनचा शिक्का मुकुटाखाली गुंतवलेली जीपी ही अक्षरं, तर बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यांत मुकुटाखाली एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का अंडाकृतीत ईएलजी असा असतो, आणि त्या अंडाकृतीवर मुकुट असेल तर नळी 1893 नंतरची.

काही शिक्के तर सरळ तारीखच सांगतात. इंग्रजी दुनळीवर "नॉट फॉर बॉल" असं कोरलेलं दिसलं तर ती 1875 ते 1887 या काळातली. तोंडाशी किंचित आवळलेल्या, म्हणजे चोक केलेल्या नळीतून अखंड गोळी उडवू नका, असा तो इशारा. 1887 नंतर त्या जागी "चोक" असा शब्द आला. पत्त्यातल्या चौकटच्या आकारात 12 आणि खाली सी असेल तर ते बारा बोअरच्या काडतूस-घराचं माप. एनपी ही अक्षरं बिनधुराच्या दारूच्या चाचणीची आहेत, आणि बर्मिंगहॅम-लंडनच्या शिक्क्यांत ती 1904 च्या नियमांपासून सरसकट दिसतात. "पणजोबांनी 1880 साली घेतली" असं घरात सांगत असतील आणि नळीवर एनपी असेल, तर दोनपैकी एक खरं. एक तर बंदूक नंतरची आहे, किंवा जुन्या बंदुकीची नंतर पुन्हा चाचणी झाली आहे. पुन्हा चाचणी झाली असेल तर सहसा जुने शिक्के नव्या शिक्क्यांशेजारी तसेच राहतात. ते शोधा.

बारा बोअर म्हणजे काय, हेही एकदा समजून घ्या. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास तेवढ्या नळीत बसतो. तो व्यास 0.729 इंच, साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा मोठा तितकी नळी बारीक, हे उलटं गणित.

लष्करी रायफल असेल तर दस्त्याजवळच्या पोलादी कड्याची उजवी बाजू पाहा. ब्रिटिश लष्कराच्या ली-एन्फिल्ड रायफलवर तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, वर्ष आणि नमुना असा पाच ओळींचा जन्मदाखलाच असतो. व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया, ईआर एडवर्ड, जीआर जॉर्ज, आणि जीआरआय असेल तर बहुधा बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यातली, कारण तिथे राजाला सम्राट म्हणून आद्याक्षर जोडलं जाई. रुंद बाणाची खूण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर तो माल सरकारी सेवेतून रीतसर विकला गेला. डीपी ही अक्षरं दिसली तर ती रायफल कवायतीपुरती ठरवलेली होती, उडवण्याजोगी नव्हे. मग बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक जुळतो का पाहा. न जुळणं हा दोष नाही, पण ते नोंदवा.

ठासणीच्या बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर "टॉवर" आणि मुकुट दिसला की ती लंडनच्या टॉवरमध्ये बनली असा अर्थ काढू नका. तो शब्द खाजगी कारखान्यांतल्या मालावरही पडत असे. चकमकीची बंदूक नंतर टोपीवर आणलेली असेल तर पट्टीवर भरलेली जुनी भोकं दिसतात. दारूच्या वाटीची जागा घासून सपाट केलेली असते. असं रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खूप झालं, आणि बंदुकीच्या आयुष्यातला तो एक टप्पा आहे. "मूळ रूपात आणण्याचा" मोह टाळा.

नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून ठोकून जोडलेली दमास्कस नळी. ही नक्षी अस्सल असेल तर सांधे आणि वळणं नळीभर सलग चालतात. साध्या नळीवर वरवर छापलेली नक्षी मात्र कुठेतरी तुटते किंवा फळीच्या खाली थांबते.

उडवून पाहू का?

प्रत्येकाला हा मोह होतो, म्हणून कारण नीट सांगतो. पहिलं, बिनधुराची दारू 1880 च्या दशकात आली आणि तिचा दाब चढण्याची रीत काळ्या दारूपेक्षा वेगळी आहे. त्याआधीच्या नळ्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. दुसरं, दमास्कस नळीच्या सांध्यात गंज आतून चालतो आणि बाहेरून नक्षी सुंदरच दिसते. तिसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. जुन्या बारा बोअरचं काडतूस-घर बहुधा अडीच इंच, म्हणजे 65 मिलिमीटरचं, आणि आजचं नेहमीचं काडतूस 70 मिलिमीटरचं. तरीही ते आत सहज बसतं, कारण काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात आणि भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार होताच घडी उघडायला जागा नसते, ती पुढच्या अरुंद भागात शिरते, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब उसळतो. "काडतूस बसलं म्हणजे चालेल" ही समजूत म्हणूनच घातक आहे. उडवायचीच असेल तर बंदूकसाजाने नळीची जाडी मोजून, काडतूस-घर मोजून, चाचणीगृहाकडून नव्याने पारखून घेतल्यावरच. संग्रहाला मात्र त्याची काही गरज नसते.

आता फडकं

लागणारं सामान थोडं आहे: जुना मऊ सुती कपडा, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, चांगलं हलकं खनिज तेल, मायक्रोक्रिस्टलाइन मेण आणि दहा पट भिंग. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं.

पहिला दिवस फक्त कोरड्या ब्रशचा. धूळ नक्षीत आणि फटींत बसलेली असते, तिच्यावर तेल घातलं तर चिखल होऊन तो लाकूड-पोलादाच्या सांध्यात उतरतो.

मग गंज ओळखा. पांढऱ्या कपड्याला एक थेंब तेल लावून डागावर घासा. कपडा लाल-नारिंगी झाला तर गंज जिवंत आहे, वाढतो आहे. कपडा स्वच्छ राहिला आणि पृष्ठभाग गुळगुळीत तपकिरी-काळा दिसला तर ती जुनी साय आहे, आणि ती बंदुकीचं संरक्षणच करते. तिला हात लावू नका. तिच्यावरच बंदुकीचं वय आणि बाजारातली अर्धी पत अवलंबून असते.

जिवंत गंजावर तेलाचा थेंब ठेवून चोवीस तास वाट पाहा. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तिरकी तासून तिच्या कडेने गंजाचा कण उचलून काढा, पुसा, पुन्हा तेल लावा. चार दिवसांत एक टिकली एवढीच प्रगती झाली तरी ती चांगली प्रगती आहे. खाली बारीक खड्डे राहतील, राहू द्या. सगळ्यात बारीक प्रतीची, म्हणजे चार शून्यांची पोलादी लोकर तेलासकट फक्त उघड्या, रंग नसलेल्या पोलादावर चालते. निळसर मुलामा, दमास्कस नक्षी, किंवा नळीचं बूड जिथे बसतं त्या पोलादी डब्यावरचे इंद्रधनुषी डाग जिथे आहेत तिथे ती लावली तर हे रंग एका मिनिटात जातात आणि परत येत नाहीत.

नळी आतून साफ करताना एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. काळ्या दारूची राख आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतून सुटणारं मीठ दोन्ही हवेतली ओल ओढतात. जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, बार झाल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाच्याच जातीचं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून वर्षानुवर्षं तेल लावूनही काही नळ्या आतून खाल्ल्या जातात. शेवटचा बार कधी झाला ते कळत नसेल तर नळ्या सुट्या करून, गजाला कोमट पाण्याने ओलवलेला कपडा लावून दोन-तीनदा फिरवा. लगेच कोरडे कपडे स्वच्छ येईपर्यंत फिरवा, तासभर उबदार हवेत सुकू द्या आणि मग तेलाचा पातळ हात. पाणी लाकडाच्या जवळपासही येता कामा नये.

स्क्रूंना शक्यतो हात लावू नका. चांगल्या इंग्रजी बंदुकीवर सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीला समांतर लावलेल्या असतात. एक जरी तिरकी दिसली तर कोणीतरी आधी उघडलं आहे हे ओळखता येतं. या खाचा फार बारीक असतात आणि बाजारातल्या पाचरीसारख्या पेचकसाचं टोक त्यांत पूर्ण उतरत नाही. ते वरच्या वर कडा फाडतं, आणि फाटलेली खाच ही बंदुकीवरची सगळ्यात केविलवाणी जखम. खाचेच्या रुंदीशी आणि जाडीशी नेमका जुळणारा, बाजू समांतर घासलेला पेचकस नसेल तर काम बंदूकसाजावर सोडा.

लाकूड घासायचं नाही. कारागिराने लाकूड पोलादापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. घासलं की ते खाली बसतं, पकडीची जाळीदार नक्षी बोथट होते आणि अनुभवी डोळ्याला ते दुरूनच कळतं. मळ असेल तर किंचित ओलसर कपडा, लगेच कोरडा. जवस तेलाचा पातळ हात द्यायचा असेल तर थेंबभर, तळहाताने. त्या तेलाचा कपडा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तो स्वतःच तापतो आणि पेट घेतो. तो पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. पितळ-चांदीवर भांडी चमकवायचं पॉलिश नको, त्याने नाव आणि नक्षीच झिजते.

शेवटी पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर, दहा मिनिटांनी कोरड्या कपड्याने उजळून. मेण धूळ धरत नाही आणि तेलासारखं वाहत नाही.

ठेवायची जागा

हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. पोलादाला त्याहून कोरडी हवाही चालते, पण लाकूड तडकतं. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवा, महिनाभर आकडे लिहा आणि मगच सिलिका जेल किती लागेल ते ठरवा.

चामड्याच्या किंवा लोकरीच्या अस्तराच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल आणि त्याने धरलेली ओल पोलादावर नेमक्या म्यानाच्या आकाराचा गंज उठवते. स्पंजच्या पेटीचंही तेच. ही म्यानं टाकायची नाहीत, ती संग्रहाचा भाग आहेत. फक्त शेजारी, वेगळी ठेवायची. ओकच्या लाकडी खणात शिशाच्या गोळ्या असतील तर त्यांवर पांढरी भुकटी जमते. लाकडातून सुटणारं आम्ल शिशाला खातं, आणि ती भुकटी विषारी असते. तोंडाने फुंकू नका.

तेल लावल्यावर काही दिवस बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा. तोंड वर असेल तर तेल बुडाकडे उतरतं, लाकडात मुरतं आणि दस्त्याचं डोकं काळं, मऊ पडतं. अनेक जुन्या दुनळ्यांचा दस्ता नेमका तिथेच फुटलेला असतो, त्याचं कारण हेच.

घोडे चढवून ठेवू नका, स्प्रिंग थकते. पण निपलवर किंवा रिकाम्या घरावर घोडा आपटवूही नका. अंगठ्याने धरून हळू उतरवा, किंवा योग्य मापाची नकली काडतुसं वापरा. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेली बंदूक गुंडाळूनच ठेवा, खोलीचं तापमान आल्यावर उघडा, नाहीतर क्षणात दव धरतं.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. तो कागदी चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी नको, तिचा गोंद लाकडाचा रंग ओढतो. वहीत शिक्के जसे आहेत तसे उतरवा, मापं लिहा, नुकसान लिहा, केलेली प्रत्येक दुरुस्ती आणि तेल-मेणाचा हात तारखेसह लिहा.

घरातल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना. "असं म्हणतात" एवढं पुरत नाही. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्या व्यक्तीने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहा. गोष्ट शिक्क्यांशी जुळत नसली तरी पुसू नका, शेजारी विसंगती लिहा. घराण्यात दोन बंदुका होत्या आणि गोष्ट हरवलेल्या बंदुकीची होती, असं नंतर कळण्याची शक्यता नेहमी असते.

कारखान्यांच्या नोंदीही शोधता येतात. विंचेस्टरच्या अनेक नमुन्यांच्या जुन्या नोंदी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या कोडी बंदूक संग्रहालयात आहेत, कोल्टच्या बाबतीत कंपनीच्याच अभिलेखागारातून पत्र मिळतं, आणि काही नामवंत लंडनच्या घराण्यांकडे क्रमांकावरून पहिल्या ग्राहकाची नोंद मिळू शकते. त्यासाठी क्रमांक नेमका हवा. पाच आणि सहा पुसट असतील तर दोन्ही शक्यता कळवा.

फळीवर सोन्याने कोरलेला 1 किंवा 2 हा आकडा दिसला तर थांबा. ती जोडीतली एक आहे. दोन बंदुका एका पेटीत, एकाच मापाच्या, वाटणीत भावाभावांत वेगळ्या झालेल्या असतात. चुलत घराण्यात चौकशी करा. दुसरी मिळाली नाही तरी ती कुठे गेली याची नोंद मिळते, आणि जोडी पुन्हा एकत्र आली तर तिचं मोल दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त असतं. तसंच साचे, शिंगडं, काडतुसांचा पट्टा, तेलाची पितळी कुपी, परवान्याच्या जुन्या वह्या, शिकारीच्या नोंदी, दुकानाची पावती. नवखा माणूस दुसरी बंदूक शोधायला निघतो आणि ही रद्दी वाटणारी पेटी भंगारात जाते. खरं तर पहिल्या बंदुकीचं अर्धं चरित्र त्या पेटीतच असतं.

वहीचं शेवटचं पान पुढच्या वारसासाठी ठेवा. कोणती बंदूक कोणाच्या परवान्यावर आहे, त्याची मुदत, तुमच्यानंतर कोणाला आणि किती दिवसांत कळवायचं, कोणत्या बंदूकसाजाला बोलवायचं, हे त्यावर असू द्या. दर वर्षी एकदा ते वाचून दुरुस्त करा. कपाटाची किल्ली कुठे आहे ते मात्र तिथे लिहू नका, ते योग्य माणसाला तोंडी सांगा.